थोरली कढई आणि काळी चिंधी

फार पूर्वी, जेव्हा लग्नाचा मुहूर्त भटजी काढायचे खरे, पण त्याआधी मुलीचा बाप गुपचूप जाऊन थोरली मोकळी आहे का ते विचारून यायचा, त्या काळातली ही गोष्ट. थोरली म्हणजे कोणी सासूबाई नव्हेत. थोरली म्हणजे कढई. आतून कल्हई केलेली, पितळेची, एवढी मोठी की ती उचलायला कड्यांतून बांबू घालून चार गडी लागायचे.

गावाच्या देवळामागे एक कोठी होती. सगळ्या गावाने मिळून घेतलेली भांडी तिथे असायची. थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन कढया, शिवाय तपेल्या, पराती, झारे, ओगराळी. कोणाच्या घरी कार्य निघालं की त्याने हवं ते भांडं न्यावं. भाडं नाही, तारण नाही. फक्त दोन रीती होत्या. कबूल केलेल्या दिवशी, ज्या हातांनी भांडं नेलं त्याच हातांनी ते परत आणायचं. आणि भांडं रिकामं आणायचं नाही, त्यात काहीतरी घालून आणायचं.

कोठी सांभाळायला एक काकू होत्या. कोठीच्या भिंतीवर गावातल्या प्रत्येक घराच्या नावाची एकेक दोरी टांगलेली होती. भांडं वेळेवर आलं की काकू त्या घराच्या दोरीला हळदीत बुडवलेली पिवळी चिंधी बांधायच्या. वेळेवर आलं नाही की काळी. प्रत्येक नवी चिंधी आधीच्या चिंधीच्या खाली बांधायची आणि बांधलेली चिंधी कोणासाठीही सोडायची नाही. भांडं मागायला कोणी आलं की काकू त्याची दोरी हातात घ्यायच्या, खालून वर बघत जायच्या, आणि मग काय द्यायचं ते ठरवायच्या.

याच गावात एक आचारी होता. हाताला अशी चव, की त्याचा शिरा खाऊन भांडणारे भाऊ एका पंगतीला बसले होते म्हणे. पण त्याच्या दोरीला एक काळी चिंधी होती, आणि तिची गोष्ट जरा मजेशीर आहे.

काही वर्षांपूर्वी त्याने शेजारच्या गावातल्या एका जेवणावळीसाठी थोरली नेली होती. सोमवारी परत आणतो असं सांगून गेला. जेवणावळ झाली, पण यजमान चिकट निघाला. आचाऱ्याच्या हातावर त्याने नारळ ठेवला आणि तोंडभर कौतुक केलं. आता एवढ्या मोठ्या कढईत घालायचं काय? तळाशी चार दाणे टाकून ती परत नेली, तर लोक काय म्हणतील? आचारी आणि कढईत चार दाणे! त्याला ते मानवेना. थोडी मिळकत झाली की थाटात परत करू, असं त्याने ठरवलं. सोमवार गेला. त्याच्यामागून बुधवार गेला. कोठीवरून निरोप आला तेव्हा तो घरात असून घरात नाही म्हणून सांगितलं गेलं.

अखेर पुढच्या सोमवारी तो आला, तो थोरली काठोकाठ बुंदीच्या लाडवांनी भरूनच. मागे चार गडी, पुढे हा, छाती फुगलेली. आता काकू शाबासकी देणार, अशी त्याची खात्री होती. काकूंनी लाडू देवळात वाटायला पाठवले आणि दोरीला काळी चिंधी बांधली.

कारण मधल्या मंगळवारी गावातल्या शिंप्याच्या मुलीचं लग्न होतं. थोरली मिळाली नाही म्हणून शिंप्याच्या बायकोने घरोघर फिरून लहान भांडी गोळा केली. पण लहान भांड्यांत एवढ्या माणसांचं रांधणार किती? शेवटची पंगत अर्धपोटी उठली, आणि ती नेमकी व्याह्यांची होती. त्यावरून त्या पोरीला सासरी बरेच दिवस टोमणे ऐकावे लागले. शिंपीण आचाऱ्याच्या समोरच राहायची. त्या दिवसापासून तिने त्याच्या घराकडे तोंड करून तुळशीला पाणीसुद्धा घातलं नाही.

आचाऱ्याला मात्र वाटायचं की अन्याय आपल्यावरच झाला. लाडवांनी भरलेली कढई कोणी आणली होती आजवर? ज्याच्या त्याच्यापाशी तो हेच सांगत बसायचा. मोठी कामं हळूहळू दुसऱ्या आचाऱ्यांकडे गेली. काकू त्याला थोरली देईनात आणि मधलीही देईनात. मग तो शेजारगावच्या एका व्यापाऱ्याची कढई आणू लागला. व्यापारी काही विचारत नसे. फक्त जे शिजेल त्यातलं दर चौथं पातेलं त्याच्या घरी पोचवायचं, एवढी अट. साहजिकच पंगतीत अन्न कमी पडू लागलं आणि आचाऱ्याच्या हाताला पूर्वीची बरकत राहिली नाही, अशी बोलवा झाली.

अशात त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झालं की लगेचचा मुहूर्त होता. पोर लहान असताना चुलीपाशी बसून बापाकडून वचन घ्यायची, की माझ्या लग्नाचा सगळा स्वयंपाक तुमच्याच हातचा. आता ती मोठी झाली होती, पण वचन विसरली नव्हती. तोही विसरला नव्हता. व्यापाऱ्याची कढई आणली तर लेकीच्या लग्नातलं चौथं पातेलं व्यापाऱ्याकडे जाणार आणि वऱ्हाड उपाशी राहणार. थोरली मिळायलाच हवी होती.

तेव्हा गावात एक गोडबोल्या गृहस्थ उतरला. लोकांच्या दोऱ्या साफ करून देतो, असं तो सांगत फिरायचा. आचाऱ्याने त्याला घरी बोलावलं, पाटावर बसवलं, लाडू खाऊ घातले. लाडू संपेपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला की अगदी सोपं काम आहे, काकूंना जाऊन सांगायचं की ती काळी चिंधी माझी नाहीच. बरोबर न्यायला त्याने आणखी एक टोपलीभर लाडू मागून घेतले आणि टोपली शुक्रवारी आणून देतो म्हणाला.

आचारी कोठीवर गेला आणि म्हणाला की ती चिंधी माझी नाही. काकूंनी शांतपणे विचारलं की मग कोणाची आहे. आचारी गडबडला. त्याला तोंडावर खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे थोड्याच वेळात त्याने गोडबोल्याची सगळी हकीकत सांगून टाकली.

"आता कुठे आहे तो माणूस?" काकूंनी विचारलं.

"गेला, काकू. माझी टोपलीसुद्धा घेऊन गेला. शुक्रवारी आणतो म्हणाला होता, अजून पत्ता नाही. आता समोर येऊन उभा राहिला तरी मी त्याला चमचासुद्धा देणार नाही."

"आणि टोपली लाडवांनी भरून आणली तर?"

"तरी नाही. मला टोपली शुक्रवारी हवी होती. शुक्रवारी मला तिच्यातून..."

एवढं बोलून आचारी थांबला. काकू हातातल्या तपेलीला चिंच लावत राहिल्या. आचारी उंबऱ्यावर टेकला. इतकी वर्षं जी गोष्ट त्याला कोणी समजावू शकलं नव्हतं, ती त्याच्याच तोंडून बाहेर पडली होती. त्याला मनापासून लाज वाटली. शिंप्याची पोर त्याच्या डोळ्यांसमोर आली, आणि ती पोर त्याला पहिल्यांदाच आपल्या लेकीसारखी दिसली.

"पण काकू, रिकामं भांडं परत करायचं नाही अशी रीतच आहे ना?" तो हळूच म्हणाला.

"आहे की. मग चिमूटभर मीठ घालायचं होतं. लाडू छान झाले होते, दादा, मीही दोन खाल्ले. पण मंगळवारी शिंपीणबाईंना लाडू नको होते, कढई हवी होती."

आचाऱ्याने विचारलं की आता तुमचा राग जायला मी काय करू. त्यावर काकू हसल्या. राग तेव्हाच गेला होता, त्या म्हणाल्या. चिंधी रागाने बांधलेली नाही. कढई एकाला दिली की दुसऱ्याला तिच्यासाठी थांबवून ठेवावं लागतं, आणि त्या दुसऱ्याला मी कशाच्या भरवशावर थांबवायचं, तेवढं दोरी बघून कळतं.

"मग थोरली?"

"आज नाही. आज झारा न्या."

झारा! एवढा नावाजलेला आचारी, घरी स्वतःचे झारे खुंटीला टांगलेले, आणि हातात गावाचा झारा घेऊन भर रस्त्याने चालला. पारावर बसलेल्यांनी खो खो हसून घेतलं. घरी बायकोने कपाळाला हात लावला. लेक मात्र म्हणाली, "बाबा, बरं झालं आणलात. लग्नाला अजून अवकाश आहे."

दुसऱ्या दिवशी तो झारा परत घेऊन गेला, नेला होता त्यापेक्षा चकचकीत. काकूंनी तो उलटसुलट करून पाहिला. त्यांनी पिवळी चिंधी बांधली, पण बजावलंही की पुढच्या वेळी भांडं काम करायला न्यायचं, मिरवायला नाही. आचारी कान पकडून हसला.

त्यानंतर तो परात घेऊन गेला, मग तपेली. प्रत्येक वेळी सांगितलेल्या दिवशी परत, आणि आत कधी मूठभर तांदूळ, कधी दोन लिंबं, तर कधी नुसतं मीठ. आषाढ सरला तोवर काळ्या चिंधीखाली पिवळ्या चिंध्यांची चांगलीशी रांग लागली होती. एक दिवस काकूंनी त्याला मागितल्याशिवायच धाकटी कढई दिली, आणि गौरी-गणपती झाल्यावर मधली.

मधलीने मात्र त्याची परीक्षा पाहिली. एका वाटसरू सावकाराच्या मुक्कामाला त्याने मधलीत जेवण केलं. सावकार इतका खूश झाला, की दुसऱ्या दिवशीही असंच जेवण कर म्हणाला, तुझ्या लेकीच्या लग्नाला रेशमी शालू देतो. पण मधली त्याच संध्याकाळी परत द्यायची होती. आचारी धावत कोठीवर गेला आणि आणखी एक दिवस मागितला. काकू म्हणाल्या की उद्या ती सुताराच्या घरी सांगून ठेवलीय. आचाऱ्याला तो शालू डोळ्यांसमोर दिसत होता, अगदी काठापदरासकट. न सांगता उद्यावर ढकलावं असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्याने मधली घासली, तिच्यात सुपारी टाकली आणि परत केली. सावकार दुसऱ्या गावी जेवायला गेला. शालू गेला तो गेलाच. बायको दोन दिवस घुश्शात होती आणि खरं सांगायचं तर आचाऱ्यालाही फार वाईट वाटलं.

तुळशीचं लग्न झालं आणि आचारी थोरली मागायला कोठीवर गेला. नेमकी तिथे शिंपीणही आली होती. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि आचाऱ्याकडच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या बाळाचं बारसं होतं. बारशाला तेच व्याही येणार होते, मागच्या खेपेला अर्धपोटी उठलेले. पहाटेच चुली पेटवायच्या होत्या. थोरली तिलाही हवी होती.

"काकू, याला देऊ नका," शिंपीण म्हणाली. "याला दिलीत तर माझी पोर दुसऱ्यांदा खाली मान घालेल."

काकूंनी आचाऱ्याची दोरी हातात घेतली. खालून वर एकेका चिंधीवरून बोट नेत त्या काळ्या चिंधीपर्यंत पोचल्या.

"काळी आहे, ती मी नाही म्हणत नाही," काकू शिंपिणीला म्हणाल्या. "पण तिच्यानंतर जे जे नेलं ते सगळं वेळेवर आलंय. शालू सोडून याने मधली परत आणली, ते मला ठाऊक आहे. मी याला थोरली देतेय. दादा, लग्नाच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ती इथे हवी. मी शिंपीणबाईंना तुमच्या भरवशावर थांबवतेय."

शिंपीण तडक निघून गेली. आचारी घरी आला तो हवेत चालतच.

लग्नाचा दिवस उजाडला. पहाटेपासून थोरली चुलाण्यावर चढली होती. आचाऱ्याने आधी भाजी केली, मग कढई धुऊन तिच्यात गुळाची लापशी घातली, वेलदोड्याचा वास पार वेशीपर्यंत गेला. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, सगळं कसं मनासारखं चाललं होतं. पण वऱ्हाडाच्या दोन बैलगाड्या वाटेत चाक निखळल्यामुळे मागे राहिल्या होत्या. त्या आल्या तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. त्या माणसांना वाढायचं होतं आणि लापशी अजून थोरलीतच होती.

आचाऱ्याने सूर्याकडे पाहिलं. कढई घासायला वेळ लागणार, उचलून न्यायला वेळ लागणार. व्याही म्हणाले की राहू द्या हो, सकाळी पाठवा, तुमची पोर आता सासरी निघायची, असे कसे जाल? घरातलेही तेच म्हणू लागले. दुसऱ्या कोणाच्या हाती धाडावी तर रीत आडवी येत होती, नेणाऱ्यानेच परत आणायची.

आचाऱ्याने लापशी उपसायला घेतली. घरात जे सापडलं त्यात तो ओतू लागला, घागर भरली, बादली भरली, तरी अर्धी उरली. तेवढ्यात समोरून शिंपीण आली. थोरलीचं काय झालंय ते बघायलाच ती आली होती. घामाघूम होऊन, बाशिंगातल्या मुलीकडे पाठ करून कढई रिकामी करणारा आचारी तिने पाहिला. ती क्षणभर थबकली, मग माघारी वळली आणि आपल्या घरातलं मोठं पातेलं घेऊन आली. तिने गल्लीतल्या बायकांना हाका मारल्या. बघता बघता दारात पातेल्यांची ही गर्दी झाली. आचाऱ्याने कोणाकडे काही मागितलं नव्हतं. उशिरा आलेली माणसं पोटभर जेवली आणि वर आग्रह करकरून वाढलेलंही त्यांनी खाल्लं.

आचाऱ्याने राख आणि चिंच घेऊन थोरली घासली. तळाची काजळी काढता काढता त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले. घरातून लेकीच्या निघण्याची गडबड ऐकू येत होती. त्याला रडू येत होतं आणि तो घासत होता. मग मूठभर अक्षता कढईत टाकून त्याने गड्यांना बांबू उचलायला सांगितलं, स्वतः पुढचं टोक खांद्यावर घेतलं, आणि लेकीच्या पाठवणीच्या वेळी लेकीकडे न बघता तो कोठीची वाट चालू लागला.

थोरली कोठीच्या अंगणात टेकली तेव्हा देवळाच्या कळसावर अजून ऊन होतं. काकूंनी हळदीच्या वाटीतून एक चिंधी काढली आणि दोरीजवळ गेल्या. आचारी तिकडे बघत नव्हता. तो वेशीच्या रस्त्याकडे बघत होता. लेकीची गाडी एव्हाना गेली असणार, असा विचार करत होता.

पण गाडी गेली नव्हती. लेकीने नवऱ्याला सांगून ती देवळामागून वळवून घेतली होती. घुंगरांचा आवाज कोठीपाशी येऊन थांबला आणि लेक खाली उतरली. वाकून तिने बापाला नमस्कार केला. आचाऱ्याने हात पुढे केले आणि पटकन मागे घेतले. तिची नवी साडी, हिरवा चुडा, आणि याचे हात कढईच्या काजळीने माखलेले.

"हात काळे आहेत गं, बाळ," तो म्हणाला.

"म्हणूनच तर आलेय, बाबा," लेक म्हणाली. "गडबडीत मला तीट लावायची राहिलीय."

तिने बापाचा हात धरला, त्याचं बोट आपल्या हनुवटीवर टेकवलं, आणि तिथे काजळीचा छोटासा काळा ठिपका उमटला. मग आचारी रडला, अगदी मनसोक्त, आणि रडता रडता हसलाही. दुसऱ्या दिवशी शिंपिणीच्या नातीच्या बारशाला थोरलीत शिरा झाला, व्याही तृप्त होऊन उठले, आणि तो शिरा करायला शिंपिणीने कोणाला बोलावलं असेल हे सांगायला नकोच.

तर मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तात्पर्य हे: घेतलेलं वेळेवर परत केलं नाही तर त्याची खूण राहते, ती कोणी पुसून देऊ शकत नाही. पण तिच्यानंतर आपण कसं वागलो तेही लोकांना दिसतच असतं, आणि दिलेला शब्द लहान लहान गोष्टींतून पाळत गेलं की गमावलेला विश्वास पुन्हा आपल्या दारी येतो.